रिपीटर ऐकू येतो पण उघडत नाही? हँडी कसा सेट करायचा ते नीट सांगतो

हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं, नवीन लायसन्स मिळालेल्या बहुतेकांची तक्रार एकच असते, हँडी म्हणजे हातातला सेट घेतला, फ्रिक्वेन्सी टाकली, बाकीचे बोलताना मस्त ऐकू येतात, पण मी बोललो की कोणच उत्तर देत नाही. मग लगेच पुढचा प्रश्न, सेट खराब निघाला काय? नाही हो, सेट ठणठणीत असतो. फ्रिक्वेन्सी एकच टाकलेली असते आणि रिपीटरला, म्हणजे टेकडीवर बसून आपला आवाज पकडून पुढे सोडणाऱ्या सेटला, तीन गोष्टी लागतात, तिथे घोडं अडतं.

इथे मी कीपॅडवरून हाताने सेट भरायची पद्धत सविस्तर देतोय आणि लॅपटॉपची नंतर, थोडक्यात. बरेच जण उलटं करतात, मित्राकडून फाईल घेतात, केबल लावतात, सगळे चॅनल एका झटक्यात भरतात आणि झालं. चालतं ते, नाही असं नाही. पण २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा आठवून बघा, गोव्यात कितीतरी गावांत लाईट नव्हती, झाडं तारांवर पडलेली, मोबाईलला रेंज असली तर बॅटरी नाही आणि बॅटरी असली तर रेंज नाही. हा सगळा खटाटोप आपण असल्याच दिवसासाठी करतो ना? मग त्या दिवशी लॅपटॉप बंद, केबल कुठल्या ड्रॉवरमधे आहे पत्ता नाही, आणि कोणी सांगितलं की आज दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर या, तर काय करणार? म्हणून बटणं दाबून भरता आलंच पाहिजे, माझा याबाबतीत हट्टच आहे.

आधी लायसन्सचं बोलून घेऊ, कारण याच्याशिवाय पुढचं काही वाचून उपयोग नाही. रिपीटरवर बोलायला हॅम लायसन्स लागतं. बारा वर्षं पूर्ण झालेला कोणीही परीक्षा देऊ शकतो, दोन ग्रेड आहेत, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल, रिस्ट्रिक्टेडवाल्यांचा कॉलसाईन, म्हणजे हवेत सांगायचं आपलं सरकारी नाव, व्हीयू३ ने सुरू होतो आणि जनरलवाल्यांचा व्हीयू२ ने, आणि जनरलला मोर्सची पण परीक्षा असते. व्हीएचएफ, म्हणजे आपण इथे बोलतोय त्या फ्रिक्वेन्सींच्या, रिपीटरसाठी रिस्ट्रिक्टेड पुरेसं आहे. भारतात आपला टू मीटर बँड १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ, बस तेवढाच. हे स्वस्तातले चायनीज सेट त्याच्या बाहेर पण ट्रान्समिट करतात म्हणून करून बघायचं नाही, तिथे पोलीस, फायर ब्रिगेड, समुद्रातली जहाजं असे सगळे बसलेले आहेत. आणि शॅकवाले, वॉटर स्पोर्ट्सवाले, लग्नाच्या डेकोरेशनवाले, तुम्हाला धंद्यासाठी वॉकीटॉकी पाहिजे तर हॅमवर येऊ नका, धंद्याचं बोलणं इथे चालत नाही, त्याचं लायसन्स वेगळं असतं. ट्रेकिंगला आपसात बोलायला पाहिजे असेल तर ४४६ मेगाहर्ट्झचे कमी पॉवरचे बिनलायसन्सचे सेट मिळतात, फक्त ते रिपीटरवर चालत नाहीत.

आता रिपीटर करतो काय. दोन माणसं सपाट जागेवर हँडी घेऊन उभी राहिली, अँटेना दीडेक मीटर उंचीवर, तर पृथ्वीच्या गोलाईमुळेच दहा किलोमीटरच्या आसपास खेळ संपतो, आणि तेही मधे काहीच आडवं नसेल तर, म्हणजे मिरामारच्या वाळूत उभं राहून होडीतल्या माणसाशी बोलायचं असेल तर. म्हापशाच्या बाजारात किंवा मडगावच्या बिल्डिंगांमधे दोन-तीन किलोमीटर गेलं तरी खूप झालं. पाच वॅटचे आठ वॅट करून यात फार फरक पडत नाही, लोक उगाच वॅटच्या मागे लागतात. फरक पडतो उंचीने. शंभर मीटर उंच टेकडीवरच्या अँटेनाला रेडिओचं क्षितिज चाळीस किलोमीटरच्या पुढे मिळतं, म्हणून रिपीटर टेकडीवर बसवतात. तो तुमचा आवाज एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जास्त पॉवरने परत सोडतो. त्याच क्षणी, म्हणजे रेकॉर्ड करून नाही. एकाच अँटेनावर ऐकणं आणि बोलणं एकदम चालतं त्यासाठी खाली डुप्लेक्सर नावाचे मोठे पत्र्याचे किंवा तांब्याचे डबे लावलेले असतात, ते रिपीटरचाच मोठा आवाज त्याच्याच कानात जाऊ देत नाहीत. रिपीटर बसवणाऱ्यांचे अर्धे पैसे आणि सगळी डोकेदुखी त्या डब्यांत असते. आपल्याला त्याचं काय करायचं नाही, फक्त दोन फ्रिक्वेन्सी का असतात ते कळलं म्हणजे झालं.

तर त्या तीन गोष्टी. पहिली, रिपीटरची आउटपुट फ्रिक्वेन्सी, जी आपण ऐकतो. दुसरी, शिफ्ट, म्हणजे आपण बोलताना किती खाली किंवा वर जायचं, टू मीटरवर हा फरक साधारणपणे ६०० किलोहर्ट्झ असतो आणि बहुतेक ठिकाणी मायनस. तिसरी, टोन, सीटीसीएसएस म्हणतात त्याला, तुमच्या आवाजाच्या खाली एक बारीकसा सूर सतत जात असतो जो कानाला जवळजवळ कळत नाही, ६७ हर्ट्झपासून २५४.१ पर्यंत ठरलेले आकडे आहेत, त्यातला बरोबर आकडा आला तरच रिपीटर दार उघडतो. ही चावी कशाला? कारण नाहीतर कुठल्याही भटक्या आवाजाने, खराब एलईडी बल्बच्या खरखरीने, रिपीटर दिवसभर उघडझाप करत बसेल. शिवाय आपल्या किनाऱ्यावर कधी कधी समुद्रावर गरम आणि थंड हवेचे थर असे जमून येतात की शेकडो किलोमीटर लांबचं व्हीएचएफ अचानक स्वच्छ ऐकू यायला लागतं, त्यावेळी त्याच फ्रिक्वेन्सीवरचा दुसऱ्या राज्यातला माणूस नकळत आपला रिपीटर उघडेल, तो टोनमुळे थांबतो.

पुढे उदाहरणासाठी मी आउटपुट १४५.६५०, मायनस ६००, टोन ८८.५ धरतोय. हे नुसतं उदाहरण आहे, तुम्हाला जो रिपीटर वापरायचा त्याचे आकडे तो चालवणाऱ्या क्लबकडून किंवा तुम्हाला परीक्षेला शिकवलं त्या सिनियर हॅमकडून घ्या, नेटवरच्या जुन्या लिस्टवरून नको, रिपीटर बंद पडतात, हलवतात, टोन बदलतात आणि लिस्ट तशीच राहते.

सेट मी बाओफेंग युव्ही-५आर धरतो, कारण नवीन माणसाच्या हातात दहापैकी आठ वेळा तोच असतो. यासू, आयकॉमवर बटणं वेगळी, गोष्टी त्याच. चला.

सेट चालू करा, नारंगी व्हीएफओ बटण दाबून फ्रिक्वेन्सी मोडमधे या, म्हणजे चॅनल नंबर दिसायला नको, नुसती फ्रिक्वेन्सी दिसली पाहिजे. ए/बी बटण दाबून वरच्या ओळीवर या, बाण वर पाहिजे, खालच्या ओळीवरून मेमरी सेव्ह होत नाही आणि तासभर डोकं फुटतं. आता मेनू, ७, मेनू, तिथे टीडीआर म्हणजे ड्युअल वॉच, ते ऑफ करा, मेनू, एक्झिट. हे ड्युअल वॉच म्हणजे सेट दोन फ्रिक्वेन्सी आलटून पालटून ऐकतो आणि खालच्या ओळीवर काही आलं की तुम्ही पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबल्यावर त्या खालच्या फ्रिक्वेन्सीवर बोलायला जातो, तुम्हाला वाटतं रिपीटरवर बोलतोय आणि तुम्ही भलतीकडेच. शिकताना तरी बंद ठेवा.

मग ज्या चॅनलवर सेव्ह करायचं तो आधी रिकामा करा, मेनू २८, चॅनल नंबर, समजा १, मेनू. भरलेल्या चॅनलवर हा सेट नवीन काही लिहून घेत नाही. आता १४५६५० दाबा, स्क्रीनवर १४५.६५० आलं. स्टेप चुकीची असली तर सेट आकडा स्वतःच पुढेमागे सरकवतो, तसं झालं तर मेनू १ मधे जाऊन स्टेप ५ किंवा १२.५ करून परत टाका. मेनू २६, ऑफसेट, ०००६०० दाबा म्हणजे ०००.६०० दिसेल. इथे दशांशाची जागा नीट बघा, ००६.००० झालं तर सहा मेगाहर्ट्झ खाली, म्हणजे बँडच्या बाहेर जाल, हे फार जणांचं होतं. मेनू २५, शिफ्ट, मायनस करा. मेनू १३, टी-सीटीएस, ८८.५ निवडा. मेनू ११, आर-सीटीएस, ऑफच ठेवा. मेनू १२ आणि १० हे डीसीएसचे, म्हणजे टोनऐवजी वापरायच्या डिजिटल कोडचे, ते पण ऑफ. मेनू ५ वाईड. मेनू २ पॉवर हाय. मेनू ३९ मधे रॉजर बीप असतो, पीटीटी सोडल्यावर पिपाणी वाजते तो, तो ऑफ करा नाहीतर रिपीटरवरचे जुने लोक लगेच टोकतील, बरोबर टोकतील.

टी-सीटीएस आणि आर-सीटीएस यातच सगळा घोटाळा होतो म्हणून परत सांगतो. टी म्हणजे तुम्ही पाठवता तो टोन, रिपीटर उघडायला हाच लागतो. आर म्हणजे तुमच्या सेटने फक्त तो टोन आला तरच स्पीकर उघडायचा. रिपीटर आउटपुटवर टोन सोडत नसेल आणि तुम्ही आर लावून बसलात तर सेट मुका, अगदी रिपीटरच्या खाली उभे राहिलात तरी. सगळं नीट चालायला लागल्यावर, आणि रिपीटर टोन पाठवतो हे कळल्यावर, मग हवा तर लावा, फालतू खरखर बंद होते.

आता सेव्ह. इथे युव्ही-५आरचा एक विचित्रपणा आहे, चॅनल दोनदा सेव्ह करावा लागतो, एकदा ऐकायची फ्रिक्वेन्सी आणि एकदा बोलायची. मेनू २७, मेनू, चॅनल ००१, मेनू, व्हॉइस चालू असेल तर बाई सांगते की रिसिव्हिंग मेमरी. एक्झिट. मग स्टार स्कॅन बटण थोडक्यात दाबा, धरून ठेवू नका, धरलं तर स्कॅन सुरू होईल. फ्रिक्वेन्सी उलटी होऊन १४५.०५० दिसेल. परत मेनू २७, मेनू, तोच ००१, मेनू, आता बाई म्हणते ट्रान्समिटिंग मेमरी. एक्झिट, आणि स्टार स्कॅन परत दाबून सरळ करा. नारंगी बटण दाबून चॅनल मोडमधे जा, चॅनल १ वर या. स्क्रीनवर वर बघा, टोनचं सीटी दिसायला पाहिजे, आणि पीटीटी दाबताच एलईडी लाल होऊन आकडा १४५.०५० झाला पाहिजे. ही खात्री आधीच, व्हीएफओवर असतानाच करून घेतली तर हवेत काही सोडायची गरज नाही, स्टार स्कॅन दाबून १४५.०५० दिसलं की शिफ्ट बरोबर.

यासूच्या सेटवर शिफ्ट आपोआप लावायची सोय असते, ती सेट कुठल्या देशासाठी बनलाय त्याप्रमाणे चालते, म्हणून आपोआपवर विसंबू नका, स्क्रीनवर मायनसचं चिन्ह आहे ना ते बघा.

लॅपटॉपवाल्यांसाठी, चर्प नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, दोन पिनांची केबल लागते, ती सेटच्या कडेला असलेल्या भोकांत पूर्ण आत जाईपर्यंत दाबायची, शेवटचे दोन मिलिमीटर जरा जोर लागतो आणि तिथेच लोक सोडून देतात आणि मग एरर आली म्हणून रडतात. आधी सेटमधून डाउनलोड करा, ती फाईल जशीच्या तशी बाजूला सेव्ह करून ठेवा, आणि मगच बदल करा. डुप्लेक्सच्या कॉलममधे मायनस, ऑफसेट ०.६, टोन मोडमधे नुसता टोन, टीएसक्यूएल नको, तो आर-सीटीएस पण लावतो. एवढंच.

आता टेस्ट, आणि इथे घाई करायची नाही. आधी दोन मिनिटं ऐका. कोणी बोलत नसेल तर पीटीटी दाबा, एक सेकंद थांबा आणि मग बोला. हा एक सेकंद महत्त्वाचा, रिपीटरला टोन ओळखून उघडायला जरा वेळ लागतो, लगेच बोललात तर तुमच्या कॉलसाईनचं पहिलं अक्षर जातं आणि समोरचा विचारतो कोण, कोण. काय बोलायचं? "व्हीयू थ्री अमुक तमुक, फोंड्याहून, रेडिओ चेक, कोणी आहे का?" एवढं पुरे. नुसतं पीटीटी दाबून सोडायचं, कॉलसाईन न देता, रिपीटर उघडतो का बघायला, हे करू नका, नियमात बसत नाही आणि ऐकणाऱ्याला वैताग येतो.

पीटीटी सोडल्यावर लगेच कान द्या. चालू रिपीटर तुम्ही सोडल्यावर सेकंद-दोन सेकंद तसाच हवेत राहतो, हिरवा एलईडी लागलेला, पुष्कळ ठिकाणी बारीक बीप पण येतो, आणि मग खट् करून बंद होतो. त्याला शेपूट म्हणू या. सगळं निदान या शेपटावर आहे.

शेपूट आलं म्हणजे तुमचे तिन्ही आकडे बरोबर आहेत आणि तुम्ही पोचताय. उत्तर नाही आलं तर कोणी ऐकत नाहीये, दुपारची वेळ असेल, सगळे झोपलेत, गोवा आहे हे. संध्याकाळी परत या.

शेपूट आलंच नाही तर दोन शक्यता, आकडा चुकला किंवा पोचत नाही. आकडा आधी तपासा कारण ते घरबसल्या होतं, शिफ्टचं चिन्ह, ऑफसेट, टी-सीटीएस, आणि टोनचा आकडा शेजारचा तर नाही ना, ८८.५ च्या जागी ८५.४ किंवा ९१.५ लागणं एका बोटाच्या अंतरावर असतं. हे सगळं ठीक असेल तर गच्चीवर जा. गच्चीवर शेपूट आलं की विषय संपला, जागेचा प्रश्न होता.

शेपूट येतं पण लोक म्हणतात आवाज तुटतोय, तर तुम्ही रिपीटरच्या काठावर आहात. इथे एक गंमत आहे, टू मीटरची लहर दोन मीटर लांब, भिंती आणि डोंगरावरून आपटून आलेल्या लहरी एकमेकींना खातात, त्यामुळे अर्धा-एक मीटर इकडे तिकडे सरकलं तरी रात्रीचा दिवस होतो. बाल्कनीत या टोकाला काहीच नाही आणि त्या टोकाला फुल सिग्नल, हे खरंच होतं. चांगली जागा मिळाली की बोलताना हलू नका, बोलता बोलता येरझाऱ्या घालायची मोबाईलची सवय इथे चालत नाही.

शेपूट येतं, सिग्नल चांगला आहे म्हणतात पण आवाज खोल विहिरीतून येतो, तर मेनू ५ नॅरो राहिलाय, किंवा तुमचं बोट माईकच्या बारीक भोकावर आहे. सेट तोंडापासून चार-पाच बोटं लांब, जरा तिरका, आणि नेहमीच्या आवाजात बोला, ओरडू नका, ओरडून आवाज फाटतो.

बोलता बोलता मधेच कापलं जातं, याला टाइमआउट बघा. सेटमधे मेनू ९ ला एक असतो आणि रिपीटरचा स्वतःचा वेगळा असतो, बऱ्याच रिपीटरचा तीन मिनिटांचा. तीन मिनिटं सलग बोलण्यासारखं आपल्याकडे काही नसतं तसंही. किंवा बॅटरी उतरलेली असते, ऐकताना कळत नाही, हाय पॉवरवर ट्रान्समिट केलं की बसते.

आणि उलटं, तुम्हाला काहीच ऐकू येत नाही पण लोक म्हणतात तुम्ही येताय, तर मोनी बटण धरून ठेवा, ते स्क्वेल्च, म्हणजे सिग्नल नसताना स्पीकर बंद ठेवणारी सोय, उघडतं. मोनी धरल्यावर माणसं बोलताना ऐकू आली तर सिग्नल येतोय, फक्त आर-सीटीएस किंवा जास्त चढवलेला स्क्वेल्च त्याला अडवतोय. मेनू ० मधे स्क्वेल्च २-३ वर आणा.

एक प्रकार मात्र नवीन लोकांना हमखास फसवतो. घरात दोन सेट असतात, एकावर बोलायचं आणि दुसऱ्यावर रिपीटरमधून आपला आवाज येतो का ऐकायचं, दोन्ही टेबलावर. दुसरा सेट गप्प. निष्कर्ष काय, रिपीटर उघडत नाही. अहो, पहिला सेट शेजारी पाच वॅट ओततोय, तेही फक्त ६०० किलोहर्ट्झ बाजूला, या बारक्या सेटचा रिसिव्हर त्याने पार बधिर होतो, लांबच्या टेकडीवरचा सिग्नल तो ऐकणार कसा? दुसरा सेट घेऊन कोणालातरी गल्लीच्या टोकाला पाठवा, पहिला लो पॉवरवर करा, मग बघा. रिपीटर बसवणारे ज्याच्यासाठी ते मोठे डबे लावतात तोच हा प्रॉब्लेम, तुमच्या टेबलावर.

आता अँटेना. सेटबरोबर येतो तो रबरी दांडा म्हणजे नसल्यापेक्षा बरा. पैसे खर्च करायचे तर दुसऱ्या सेटवर नको, चांगल्या अँटेनावर करा, चाळीसेक सेंटीमीटरची लवचिक व्हिप मिळते, कनेक्टर तुमच्या सेटला बसणाराच बघून घ्या, बाओफेंगचा आणि यासूचा उलटसुलट असू शकतो. आणि फुकटातला उपाय, एक साधी वायर ४९ सेंटीमीटर कापा, एका टोकाचं प्लास्टिक सोलून त्याचा छोटा गोल वेटोळा करा, अँटेना काढून तो कनेक्टरच्या बाहेरच्या गोल कडीवर घाला आणि अँटेना परत फिरवून घट्ट करा, वायर खाली लोंबकळू द्या. वायर फक्त बाहेरच्या धातूला लागली पाहिजे, मधल्या पिनेला अजिबात नाही, लागली तर शॉर्ट, आणि ट्रान्समिट केलंत तर फायनल ट्रान्झिस्टर, म्हणजे सेटमधला पॉवर देणारा पार्ट, उडू शकतो. हँडीला जमिनीचा आधार नसतो, तो या वायरने मिळतो, काठावरच्या सिग्नलला फरक कानाला कळतो. दिसायला गबाळं दिसतं, दिसू द्या.

गाडीत बसून हँडीवर बोलायचं म्हणजे पत्र्याच्या डब्यात बसून बोलणं, छपरावर मॅग्नेटवाली अँटेना ठेवा, तोच सेट दुप्पट वाटतो.

गोव्यात कुठे काय होतं याचा अंदाज नकाशा बघून येतो. किनाऱ्याचा पट्टा, पणजी, पर्वरी, वेर्ण्याचं पठार, हे मोकळं, मध्य गोव्यातल्या उंच टेकडीवरचा रिपीटर इथून सहसा मिळतो. अटल सेतूवर किंवा नव्या झुआरी पुलावर तर मजाच, उंची पण आहे आणि आजूबाजूला पाणी. पण मडगावहून कुंकळ्ळी, बाळ्ळी करत दक्षिणेला जा, करमळ घाट चढेपर्यंत बरा असतो आणि काणकोणच्या बाजूला उतरायला लागलं की डोंगर पाठीशी आला, सिग्नल गेला. वाळपईच्या पुढे सत्तरीतल्या खोऱ्यांत आणि मोल्याला घाटाच्या पायथ्याशी तेच. तिथे पॉवर वाढवून काही होत नाही, वर चढा, किंवा जिथून डोंगराची फट दिसते अशी जागा शोधा. चोर्ल्याच्या माथ्यावर गेलात की उलटं होतं, एवढं दिसतं की भलतेसलते रिपीटर ऐकू येतात, तिथे आर-सीटीएस लावणं बरं.

घरी बाहेर अँटेना लावणार असाल तर खाऱ्या हवेचं लक्षात ठेवा. कनेक्टर बाहेर उघडा राहिला तर एका पावसाळ्यात आत हिरवा होतो, केबलमधे पाणी शिरतं, आणि बाहेरून काही कळत नाही, नुसता सिग्नल हळूहळू मरत जातो. सेल्फ अमाल्गमेटिंग टेप ताणून, खालून वर गुंडाळायची, म्हणजे थर कौलासारखे बसतात आणि पाणी घसरतं. साधी काळी इलेक्ट्रिक टेप उन्हात वितळून चिकट होते, ती वरून लावा, एकटी नको. आणि मे-जूनमधे गडगडायला लागलं की केबल सेटवरून काढून खिडकीच्या बाहेर टाका, बोलण्याची हौस नंतर.

रिपीटरवर वागायचं कसं हे ऐकून ऐकून येतं, जास्त लिहित नाही. दोन बोलण्यांच्या मधे सेकंद-दोन सेकंद जागा सोडा, कोणाला तातडीचं असेल तर तो त्या फटीतून ब्रेक म्हणून घुसू शकतो. कॉलसाईन अधूनमधून आणि शेवटी द्या. राजकारण, धर्म, धंदा नको. आणि दोघं एकाच वाड्यात असाल तर रिपीटर अडवू नका, स्टार स्कॅन दाबून समोरचा रिपीटरच्या इनपुटवर थेट ऐकू येतो का बघा, येत असेल तर सिम्प्लेक्सवर, म्हणजे रिपीटरशिवाय थेट एकाच फ्रिक्वेन्सीवर, जा.

सिम्प्लेक्सवरून आठवलं, हा चॅनल पण आत्ताच भरून ठेवा. टेकडीवरच्या रिपीटरला पण लाईट लागते, त्याची बॅटरी पण कधीतरी संपते, अँटेना वाऱ्याने पडते. आपल्या ग्रुपने एक सिम्प्लेक्स फ्रिक्वेन्सी आधीच ठरवून घ्यायची, शिफ्ट ऑफ, टोन ऑफ, आणि १४५.८०० ते १४६ मधली नको, तो पट्टा सॅटेलाईटचा आहे, स्पेस स्टेशन तिथेच बोलतं. चॅनल १ रिपीटर, चॅनल २ सिम्प्लेक्स, ग्रुपमधल्या सगळ्यांच्या सेटवर हेच नंबर ठेवले तर फोनवर ओरडून सांगता येतं की दोनवर ये.

आणि हे सगळे आकडे, आउटपुट, शिफ्ट, टोन, सिम्प्लेक्स, एका बारक्या कागदावर लिहून पारदर्शक टेपने सेटच्या कडेला चिकटवा. बॅटरीवर नको, बॅटरी बदलली की कागद चार्जरवर राहतो आणि तुम्ही टेकडीवर.